ताणावर सोडलेल्या डाळिंबाच्या आत काय चाललेलं असतं?

प्रश्न सांगोल्याकडच्या एका तरुण बागायतदाराचा आहे. शेतकीची पदवी घेतलेला, घरी तीन एकर भगवा जातीचं डाळिंब. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दर वर्षी आंबे बहाराच्या फुलोऱ्यासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडतो, इथ्रेल मारून पानगळ करतो, पाणी सुरू करतो, कळी निघते. वडील करत आले तसंच. पण त्या दीड महिन्यात झाडाच्या आत नेमकं काय होतं? कॉलेजात ॲब्सिसिक ॲसिड, रिसेप्टर, कायनेज हे सगळं पाठ केलं, पेपरात लिहिलं, पण रानाशी त्याचा सांधा कधी जुळला नाही. आणि यंदा एक जण एबीएची, म्हणजे त्याच ॲब्सिसिक ॲसिडची, फवारणी विकायला आलाय. म्हणतो, दुष्काळात बाग तगेल. मारू का?"

फवारणीचं उत्तर आधी देतो: बाग तगवायला म्हणून नको. का नको, हे मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नात दडलंय, म्हणून तो नीट सोडवू या. पंचवीस वर्षं मी वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि आता बागांमधून फिरतो. त्यामुळे सांधा न जुळण्याचा तुमचा त्रास दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे.

ताण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मान टाकलेलं झाड येतं. प्रत्यक्षात पान मलूल होण्याच्या कितीतरी आधी झाडाने निर्णय घेतलेले असतात, आणि ते एका ठरावीक क्रमाने येतात. सगळ्यात पहिली थांबते ती वाढ. पेशी मोठी होते ती आतल्या पाण्याच्या दाबाने भिंत ताणली गेल्यामुळे. तो दाब जरासा उतरला की शेंड्याची नवी पानं लहान राहतात, पेरं आखूड पडतात. या टप्प्यावर जुनं पान अजून व्यवस्थित साखर बनवत असतं. म्हणजे खर्च बंद आणि आवक चालू. ही शिल्लक काडीत आणि खोडात स्टार्चच्या रूपाने साठते, आणि आपण म्हणतो काडी पक्व झाली. दुसऱ्या टप्प्यात पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची हवा-बाष्पाची बारीक दारं, मिटायला लागतात. इथून आवकही घटते. तिसऱ्यात जुनी पानं पिवळी पडून गळतात. चौथ्यात पांढरी मुळी जळते, आणि तिथवर बाग नेली तर पुढचा बहार विसरा. बहारासाठी दिलेला चांगला ताण म्हणजे पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त दिवस, दुसऱ्यात मोजके, आणि चौथ्याच्या अलीकडे थांबणं. बाकी सगळं रसायनशास्त्र या क्रमाला धरूनच चालतं.

पाणी कमी होतंय हे झाडाला कळतं कसं? याबद्दलचा एक प्रयोग मला फार आवडतो, दर वर्षी वर्गात सांगायचो. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी सफरचंदाच्या रोपांची मुळं दोन भागांत विभागून दोन वेगवेगळ्या कुंड्यांत लावली. एका कुंडीला पाणी चालू ठेवलं, दुसरीचं बंद केलं. ओल्या कुंडीतून झाडाला पाणी मिळत होतं, तरीही पानांची वाढ मंदावली. आता गंमत बघा: कोरड्या कुंडीतली मुळं त्यांनी कापूनच टाकली, आणि पानांची वाढ परत सुरू झाली! मुळं कमी झाल्यावर वाढ वाढली. याचा अर्थ कोरडी मुळी नुसती पाणी द्यायचं थांबवत नव्हती, ती वर काहीतरी कळवत होती. मुळी तोडली, निरोप थांबला.

याच धाग्यावरून ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात द्राक्षबागांमध्ये एक पद्धत आली. झाडाच्या दोन बाजूंना ठिबकच्या दोन नळ्या (लॅटरल) टाकायच्या, काही दिवस एकच चालवायची, मग बाजू बदलायची. वेलीला पाणी मिळत राहतं, पण कोरड्या बाजूच्या निरोपामुळे फांद्यांचा नुसता माजलेपणा आटोक्यात राहतो.

हा निरोप म्हणजे ॲब्सिसिक आम्ल, मुळीत बनतं आणि रसातून पानाकडे जातं, असं आम्ही बरीच वर्षं शिकवलं. ते पूर्ण खरं नव्हतं. टोमॅटोची एक उत्परिवर्तित जात आहे, तिला हे आम्ल नीट बनवताच येत नाही. तिच्या मुळांवर साध्या टोमॅटोचा शेंडा कलम केला, तरी माती सुकल्यावर पर्णरंध्रं मिटली. मुळीला जमत नसलं तरी पान स्वतःचं एबीए बनवून घेत होतं. मग मुळीकडून जातं ते काय? एक उत्तर म्हणजे ओढ: माती सुकली की नळीतल्या पाण्यावरचा ताण क्षणात पानापर्यंत जाणवतो. दुसरं उत्तर २०१८ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून आलं. सीएलई२५ नावाचा अवघ्या बारा अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) तहानलेल्या मुळीतून निघतो, पानात पोचतो, तिथे बीएएम या ग्राही (रिसेप्टर) प्रथिनांना गाठतो आणि पानातला एबीएचा कारखाना सुरू करून देतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात हे दाखवलं गेलं. या क्षेत्रातलं निम्मं ज्ञान त्याच रोपातून आलंय, तेव्हा ते नाव पुढेही भेटेल.

हा कारखाना कसला आहे ते बघण्यासारखं आहे. कच्चा माल म्हणजे कॅरोटिनॉइड, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या घरातला. पानात तो आधीच असतो. एनसीईडी नावाचं विकर (एन्झाइम) त्या लांब रेणूचा तुकडा पाडतं आणि पुढच्या दोन पायऱ्यांत एबीए तयार होतं. सगळा नळ या एका विकराच्या हाती आहे. त्याचं जनुक १९९७ मध्ये मक्यात सापडलं, आणि तेही दुष्काळ शोधताना नव्हे. मक्याच्या एका जातीत कणसावरच दाणे उगवत होते, त्याचं कारण शोधताना. बी झाडावरच उगवू नये म्हणून तिला झोपवून ठेवण्याचं कामही एबीएच करतं. ऑक्टोबरात पाऊस लांबला की खरीप ज्वारीच्या कणसाला मोड येतात, ते बघताना मला नेहमी हे आठवतं. एकच द्रव्य: बीत असेल तर 'उगवू नको', पानात असेल तर 'दार लाव'.

नावाचा घोळही सांगून टाकतो, कारण तुमच्या इथ्रेलशी त्याचा संबंध आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातले लोक कपाशीची कोवळी बोंडं का गळतात ते शोधत होते आणि वेल्समधले लोक झाडांचे डोळे हिवाळ्यात का झोपतात ते. दोघांना एकच रेणू सापडला. १९६७ मध्ये नाव ठरलं ते गळण्यावरून, ॲब्सिसिक. पुढे दिसून आलं की पानं गाळण्याचं मुख्य काम इथिलीन करतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. पाण्याशी असलेलं त्याचं खरं नातं १९६९ मध्ये उजेडात आलं. गव्हाचं तोडलेलं पान सुकवलं की त्यातलं एबीए काही तासांतच भराभर चढतं, असं तेव्हा दिसलं. आज पाठ्यपुस्तकांत पन्नास पटींपर्यंतच्या वाढीचे आकडे असतात.

आता तुम्ही पेपरात लिहिलेला भाग. इथे जरा रेंगाळतो, कारण फवारणीचं उत्तर इथेच आहे.

एबीए पेशीत आलं, पण त्याला ओळखतं कोण? चाळीस वर्षं हे कोडं सुटलं नव्हतं. २००६ पासून एकामागून एक दावे झाले. नामवंत नियतकालिकात छापलेला त्यातला एक शोधनिबंध २००८ मध्ये मागे घ्यावा लागला. वर्गात शिकवलेलं परत येऊन खोडणं ही काय चीज आहे ते मी तेव्हा अनुभवलंय. मग २००९ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी खरा ग्राही गाठला: कॅलिफोर्नियात शॉन कटलर आणि म्युनिकमध्ये एर्विन ग्रिल. कटलर यांची युक्ती गमतीची होती. त्यांनी एबीए घेतलंच नाही. पायराबॅक्टिन नावाचं एक कृत्रिम रसायन बियांना एबीएसारखं झोपवतं हे त्यांना माहीत होतं. त्यावर न झोपणारी रोपं शोधली आणि त्यांच्यात कुठलं जनुक बिघडलंय ते पाहिलं. एवढी वर्षं ते का सापडलं नव्हतं? कारण अरॅबिडॉप्सिसमध्ये असे एक नव्हे, चौदा ग्राही आहेत. एक काढला तर बाकीचे काम भागवतात, बिघाड दिसतच नाही. पायराबॅक्टिन नेमकं त्यांतल्या मोजक्यांनाच धरतं, म्हणून चोर सापडला. पुस्तकात पीवायआर, पीवायएल, आरसीएआर अशी तीन नावं दिसतात ती याच कुटुंबाची. ज्याने त्याने आपलं नाव ठेवलंय, गोंधळू नका.

साखळी अशी आहे. पेशीत एसएनआरके२ नावाची कायनेज आहेत. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून त्याला चालू किंवा बंद करणं हे त्यांचं काम. दुष्काळाची सगळी कामं करणारे हात हेच. पण एरवी हे हात बांधलेले असतात. पीपी२सी नावाचं फॉस्फेटेज त्यांच्यावरचं फॉस्फेट सतत पुसत राहतं. म्हणजे बैल तयार आहे, पण मुसकं बांधलेलं. एबीए येतं आणि ग्राहीच्या खोबणीत बसतं. ग्राहीचं झाकण त्याच्यावर मिटतं, आणि त्या मिटलेल्या झाकणाचा आकार असा होतो की पीपी२सीचं काम करणारं तोंडच त्यात अडकून बंद होतं. पुसणारा अडकला, कायनेज मोकळं झालं. एबीएने कुणाला 'काम कर' असं सांगितलं नाही. त्याने आडकाठी काढली, बस्स.

अरॅबिडॉप्सिसची एबीआय१-१ ही जात या साखळीचा उत्तम पुरावा आहे. तिच्या पीपी२सीत फक्त एक अमिनो आम्ल बदललंय, त्यामुळे ग्राहीला ते पकडता येत नाही. मुसकं कधी सुटतच नाही. अशा रोपावर कितीही एबीए ओता, दारं उघडीच राहतात आणि ते कोमेजतं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोकळं झालेलं कायनेज काय करतं ते रक्षकपेशीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. पर्णरंध्र म्हणजे दोन रक्षकपेशींमधली फट. पेशी पाण्याने फुगल्या की फट उघडते, ढिल्या पडल्या की मिटते. ओएसटी१ हे तिथलं कायनेज. त्याचा शोध अवरक्त कॅमेऱ्याने लागला. पाणी तोडल्यावर सगळ्या रोपांची पानं तापली, काही रोपांची मात्र गारच राहिली, कारण त्यांची दारं मिटत नव्हती आणि बाष्प जात होतं. तुम्ही दुपारी पानाला हात लावून बघता ना, तीच गोष्ट. ओएसटी१ हे पेशीच्या पडद्यातल्या स्लॅक-१ नावाच्या आयन-मार्गावर फॉस्फेट चिकटवतं. हा मार्ग २००८ मध्ये सापडला. त्यातून क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेर पडतात, त्यामुळे पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, मग दुसऱ्या मार्गातून पोटॅशियम बाहेर जातं, आणि क्षार गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. पेशी ढिली, फट बंद. एबीए पोचल्यापासून काही मिनिटांत. पालाश (म्हणजे हेच पोटॅशियम) कमी असलेल्या बागेत पर्णरंध्रांची ही उघडझाप नीट होत नाही, आणि ताणाआधी पालाशाकडे लक्ष द्या असं जे सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

तेच कायनेज पेशीच्या केंद्रकातही जातं. तिथे ते एबीएफ गटातल्या प्रथिनांना जागं करतं आणि शेकडो जनुकं चालू होतात: पेशीतली प्रथिनं सुकताना गोळा होऊ नयेत म्हणून त्यांना सांभाळणारी एलईए प्रथिनं, पाणी धरून ठेवणारं प्रोलीन, वगैरे. हे तासांचं, दिवसांचं काम आहे. डीआरईबी२ए सारखी काही प्रथिनं एबीएला न विचारताही कामाला लागतात. तो रस्ता वेगळा, आज त्यात शिरत नाही.

दार लावण्याची किंमत मात्र नीट समजून घ्या. डाळिंबासारख्या झाडात कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला पाण्याचे सुमारे चारशे रेणू हवेत जातात. ज्या फटीतून पाणी जातं त्याच फटीतून कार्बन येतो. पाणी वाचवायचं तर उपाशी राहायचं, झाडापुढे तिसरा पर्याय नाही. शिवाय भर उन्हात दार बंद म्हणजे पान तापतं, त्याचा भाजका डाग वेगळा.

आता इथ्रेल. त्यातलं इथेफॉन हे द्रव्य आम्लात शांत राहतं, आणि झाडाच्या पेशीतल्या कमी आम्लतेत फुटून त्यातून इथिलीन वायू सुटतो. तुमच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर हे फुटणं टाकीतच सुरू होतं. द्रावण सकाळी कालवून ठेवलं आणि दुपारी मारलं की 'औषध बोगस निघालं' अशी तक्रार येते, त्यातल्या निम्म्या वेळा दोष पाण्याचा असतो. सामू तपासा, कालवलं की लगेच मारा, आणि कडक उन्हाच्या दिवशी हात आखडता ठेवा, कारण गरमीत वायू झपाट्याने सुटतो आणि पानांबरोबर शेंडेही जळतात.

इथिलीनची यंत्रणाही उलट्या कुलपाची आहे. त्याचे ग्राही इथिलीन नसताना काम करत असतात: सीटीआर१ नावाच्या कायनेजला चालू ठेवतात आणि ते गळतीची साखळी दाबून धरतं. इथिलीन बसलं की ग्राही गप्प होतात, दाबणारा हात उठतो. परत तेच, आडकाठी काढणं. पण पान तेवढ्याने गळत नाही. देठाच्या बुडाशी एक पट्टा असतो. पान तरुण आणि तंदुरुस्त असेपर्यंत त्यातून ऑक्सिन हे वाढीचं द्रव्य या पट्ट्याकडे येत राहतं आणि पट्टा इथिलीनला दाद देत नाही. पान म्हातारं झालं, ताणाने त्याचं ऑक्सिन आटलं, की पट्टा ऐकायला लागतो आणि तिथल्या पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं सुटतात. म्हणूनच ताण पुरा न बसलेल्या हिरव्यागार बागेत इथ्रेलची मात्रा वाढवत नेली तरी पानगळ अर्धवट होते, आणि ताण नीट बसलेल्या बागेत थोडक्यात काम होतं. आधी ताण, मग इथ्रेल हा तुमच्या वडिलांचा क्रम बरोबर आहे. ऐकणारा तयार झाल्याशिवाय सांगून उपयोग नाही.

फुलाचं गणित आणखी एका संजीवकाकडे (झाडातल्या हार्मोनकडे) आहे, जिबरेलिनकडे. त्याचा ग्राही २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना भातात सापडला. डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन ग्राहीत बसलं की डेलाची विल्हेवाट लागते आणि फांदी सुसाट सुटते. हरित क्रांतीतला बुटका गहू म्हणजे जिबरेलिनला दाद न देणारं बिघडलेलं डेला, दुसरं काही नाही. ताणात जिबरेलिन उतरतं, डेला टिकतं, फांदी थांबते. संत्रा-मोसंबी वर्गात हे चांगलं तपासलेलं आहे: पाण्याचा ताण फूल आणतो, आणि बाहेरून जिबरेलिन मारलं तर फूल कमी येतं. नागपूरचा संत्रावाला आणि जालन्याचा मोसंबीवाला आंबे बहारासाठी पाणी तोडतात ते याचसाठी. कोकणातला हापूसवाला पाणी तोडत नाही, तो पॅक्लोब्युट्राझोल घालतो. ते जिबरेलिन बनूच देत नाही. दरवाजे वेगळे, पण घर एकच.

ताण तोडताना काय होतं? पाणी मिळालं की पान एबीए नुसतं बनवायचं थांबवत नाही, असलेलं मोडतंही. सीवायपी७०७ए या गटातली विकरं त्याचं रूपांतर निकामी फेजिक आम्लात करतात. काही तासांतच पातळी उतरते. मुळी मात्र इतक्या लवकर सावरत नाही. पांढरी मुळी परत फुटायला दिवस लागतात, आणि पानगळीनंतर पाणी ओढणारी पानंही झाडावर नसतात. अशा वेळी पहिल्याच पाण्याला रान डबडबवलं तर ते पाणी झाड पीत नाही, मुळीभोवती साचतं आणि हवा कोंडते. पहिलं पाणी हलकं, मग वाफसा बघत वाढवत नेणं, हे यामुळे.

एक चूक माझ्या नावावर आहे ती सांगतो. एका बागेत अर्धं रान मुरमाड, अर्धं काळं होतं. मी सगळ्या बागेला एकाच तारखेला पाणी तोडायला आणि एकाच तारखेला इथ्रेल मारायला सांगितलं. मुरमाडातली झाडं महिन्याभरात तिसरा टप्पा ओलांडून गेली होती, काळ्यातल्या झाडांची खोल मुळी अजून ओलीत होती आणि शेंडा हिरवा होता. एकीकडे शेंडे वाळले, दुसरीकडे पानगळ झालीच नाही आणि कळी महिनाभर मागेपुढे निघत राहिली. फवारणीचं वेळापत्रक कुणाला जुळवताच येईना. साखळी, ग्राही, कायनेज सगळं मला पाठ होतं. मी फावडं घेऊन दोन ठिकाणी खड्डा करून बघितलं नव्हतं, इतकंच.

आता ती एबीएची फवारणी. माल खोटाच असेल असं मी म्हणत नाही. एस-एबीए हा नैसर्गिक रूपातला रेणू किण्वनातून बनवता येतो आणि जगभर रंगीत द्राक्षांच्या घडाला रंग चढवायला वापरला जातो. तिथे तो चांगलं काम करतो, कारण घडाच्या सालीत थोड्या दिवसांत एकच गोष्ट घडवायची असते. परदेशात कुंडीतली शोभेची रोपं दुकानात पाण्यावाचून टिकावीत म्हणूनही तो मारतात. पण तुमची गरज महिन्यांची आहे. उन्हात हा रेणू वळून निकामी रूपात जातो, पानात गेलेला भाग ती सीवायपी विकरं मोडतात, आणि परिणाम थोड्याच दिवसांत ओसरतो. परत मारा, परत खर्च करा. आणि मूळ प्रश्न वेगळाच आहे: माती सुकलेली असेल तर झाडाने स्वतःचं एबीए आधीच भरपूर केलंय. ग्राही भरलेले आहेत. भरल्या घागरीत आणखी ओतून काय होणार? माती ओली असताना मारलं तर दार लागेल खरं, पण मग तुम्ही पैसे देऊन झाडाला उपाशी ठेवताय. फळ पोसण्याच्या दिवसांत तर हे अजिबात नको.

संशोधन याच अडचणीभोवती फिरतंय. कटलर यांच्या गटाने २०१९ मध्ये ओपाबॅक्टिन नावाचा रेणू बनवला, तो ग्राहीला एबीएपेक्षाही घट्ट धरतो. त्याआधी २०१५ मध्ये त्यांनी उलट वाट धरली होती. त्यांनी ग्राहीच बदलला, असा की तो मॅन्डीप्रोपामिडला दाद देईल. हे नाव नाशिकच्या द्राक्षवाल्याला पाठ असेल, डाऊनी (केवडा) रोगावरचं बुरशीनाशक. त्या बदललेल्या ग्राहीच्या रोपावर बुरशीनाशक फवारलं की रोप दुष्काळ आल्यासारखं दार लावून बसतं! कल्पना म्हणून मला ही फार आवडते. निरोप बदलण्यापेक्षा ऐकणारा बदलण्यात जास्त हशील आहे, हे एबीआय१-१ ने आपल्याला उलट बाजूने दाखवलंच होतं.

पिकांमध्येही हेच दिसतं. अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिलेल्या एचबी४ गव्हात सूर्यफुलाचं जनुक आहे. त्याने रोपाचा इथिलीनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, पान लवकर म्हातारं होत नाही. ज्वारीत 'स्टे-ग्रीन' म्हणून ओळखले जाणारे जनुकांचे पट्टे आहेत. त्यांचं काम ऐकलं तर आपल्या आजोबांना पटलं असतं: ही ज्वारी आधी पानोळा थोडा आखूड ठेवते, जमिनीतलं पाणी मागे ठेवते, आणि दाणा भरताना वापरते. सोलापूरकडे रब्बीत ओलीवर मालदांडी पिकवणाऱ्याला पाणी राखून ठेवण्याचं हे गणित समजवायला नको.

मग पाणी खरंच कमी असेल त्या वर्षी करायचं काय? फवारणीच्या पैशात आच्छादन घाला. वाफ मातीतूनच उडत असेल तर पानातलं दार लावून काय फायदा. उन्हाळ्यात केओलिन (पांढऱ्या चिकणमातीची भुकटी) मारलं तर पान आणि फळ तापणं कमी होतं, आणि ते ग्राही-बिग्राहीच्या भानगडीत पडत नाही. फळं झेपतील तेवढीच ठेवा. दोन लॅटरल असतील तर फळ अर्धं पोसल्यावर एकाआड एक चालवून बघता येईल, पण आधी दोन ओळींवर, सगळ्या बागेवर नाही. कळी निघताना आणि सेटिंगच्या (फळ धरण्याच्या) वेळी मात्र हा खेळ करू नका. त्या दिवसांत कोवळ्या फळाच्या देठाचा पट्टा इथिलीनला फार लवकर ऐकतो. आणि शेवटच्या महिन्यात पाणी एकदम कमी-जास्त झालं तर फळ तडकतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

यंदा ताण देताना एक गोष्ट करा. पाणी तोडल्यापासून रोज दोनदा तीच दहा झाडं बघा, एकदा भर दुपारी आणि एकदा सूर्य उगवायच्या आधी. दुपारी पान मलूल आणि पहाटे ताठ, म्हणजे झाड दार लावून दिवस काढतंय आणि रात्री मुळी भरून देतेय. ताण चालू द्या. शेंडा थांबलाय का, काडी बोटाला कडक लागते का, तळाची पानं पिवळी व्हायला लागली का, ते वहीत टिपा. ज्या दिवशी पहाटेही पान मान टाकून दिसेल, त्या दिवशी मुळी हरली असं समजा आणि पाणी सुरू करणं तिथून एक दिवसही पुढे ढकलू नका. मुरमाडातली पाच आणि काळ्यातली पाच झाडं घ्या. दोन्हीकडे ही पहाट एकाच दिवशी उजाडणार नाही, म्हणून तीन एकराच्या व्हॉल्व्हचे दोन भाग करून घ्या, आत्ताच, पाणी तोडायच्या आधी.